न रडणारी बाळं

तान्ह्या मुलांची खोली म्हटली की आत शिरण्याआधीच गलका कानावर येतो. रोमानियातल्या अनाथालयांत गेलेल्या संशोधकांना मात्र सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. पाळण्यांच्या रांगाच्या रांगा, त्यांत टक्क जागी बाळं, आणि रडणं जवळजवळ नाहीच.

बाळ रडतं ते कुणीतरी येईल या भरवशावर. तिथे एकेका दाईकडे बारा-पंधरा मुलं असत आणि पाळी बदलली की चेहराही बदले. हाकेला ओ मिळत नाही हे कळलं की बाळ हाक मारणंच सोडून देतं. एवढासा मेंदू, पण आपलं जग कसं आहे याचा त्याने काढलेला निष्कर्ष अचूक असतो!

रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966मध्ये लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. न झेपणारी मुलं गरीब घरांनी सरकारच्या हवाली केली. 1989च्या डिसेंबरात त्याची सत्ता कोसळली तेव्हा अशा संस्थांत लाखावर मुलं होती.

पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना हे तीन अमेरिकी शास्त्रज्ञ बुखारेस्टमधल्या सहा संस्थांत पोहोचले. सहा ते एकतीस महिन्यांची 136 मुलं त्यांनी निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, उरलेली होती तिथेच राहिली. वाचताना पोटात कालवतं, आणि ते कालवायलाच हवं. पण अशी कुटुंबं त्या शहरात जवळपास नव्हतीच; या प्रकल्पाने 56 घरं शोधून तयार केली. मागे राहिलेल्या मुलांना नंतर घर मिळालं तर त्यांची वाट कुणी अडवणार नव्हतं.

साडेतीन वर्षांच्या वयात पाहिलं, तर घरात गेलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना सांभाळणाऱ्या आईचा खरा आधार वाटू लागला होता. संस्थेतल्या मुलांत हे प्रमाण शंभरात सतरा-अठरा होतं. आठव्या वर्षी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांच्या लहरी कायम घरातच वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. माया यंत्रावर उमटली होती.

मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट. अशी मुलं दोन तऱ्हांनी दुखावलेली असतात. काही पडली, लागलं, तरी कुणाकडे जात नाहीत. काही कुणाही परक्याचा हात धरून चालू लागतात. 2013पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात हे दोन वेगळे विकार मानले जातात. पहिला घर मिळालं की बहुतेकदा ओसरतो. दुसरा चिवट असतो. आईचा पक्का लळा लागल्यावरही रेंगाळतो.

दत्तक घेतलेली मुलगी लग्नाच्या हॉलमध्ये अनोळखी बाईच्या मांडीवर जाऊन बसते, तेव्हा आईच्या काळजात चर्र होतं. आपलं काय कमी पडलं? काहीही नाही. समोर आलेल्या माणसाला आत्ताच धरायचं, उद्या तो नसेल, हे ती लेक बोलायला लागण्याआधी शिकली आहे. उशीखाली पोळी लपवणारं मूलही चोर नसतं. उपकाराची जाणीव नाही म्हणून अशा मुलांना बोल लावणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

अर्थात प्रत्येक दत्तक मुलाला असा विकार असतो असं मुळीच नाही. आणि दोन वर्षं उलटली म्हणजे दार बंद झालं, असंही नाही. अमेरिकेत मेगन गनर यांच्या चमूने संस्थांतून दत्तक आलेली मुलं वयात येताना तपासली. त्यांच्या शरीराची ताणाला मिळणारी मंदावलेली प्रतिक्रिया त्या काळात पुन्हा इतर मुलांसारखी होत गेली. निसर्ग विस्कटलेली घडी पुन्हा बसवायची दुसरी संधी देतो!

उपाय मात्र अजिबात चमकदार नाही. तेच माणूस, तीच वेळ, हाकेला पुन्हा पुन्हा ओ. पडून लागल्यावर मूल रडत तुमच्याकडे आलं तर आनंद माना. बळजबरीने मिठीत दाबून ‘नातं जोडून देणाऱ्या’ उपचारांपासून दूर राहा. 2000 साली कोलोरॅडोत ‘पुनर्जन्म’ म्हणवणाऱ्या अशाच एका प्रयोगात दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने त्यावर बंदी घातली.

रोमानियाने 2004मध्ये कायदा करून दोन वर्षांखालच्या मुलांना, तीव्र अपंगत्वाचा अपवाद सोडता, संस्थेत ठेवणं थांबवलं. आपल्याकडे दत्तकविधानानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करण्याचा नियम आहे. त्या भेटीत ‘सगळं छान आहे’ म्हणून चहा देऊन समाजसेविकेला वाटेला लावू नका. रात्रीचं दचकणं, लपवलेली पोळी, परक्यांच्या मागे जाणं, सगळं सांगा आणि मुलांसोबत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव मागून घ्या.