चुकलेली तारीख आणि पकड वॉरंट

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्याने प्रचारात आणली त्याच्या पदरी जमीनजुमला असला पाहिजे, आणि त्याचे तंटे चार भावकीच्या माणसांत मिटण्यासारखे असले पाहिजेत. दलितांना ती पायरी चढावी की न चढावी हा प्रश्नच पडत नाही. मोर्चात धरपकड झाली, पाणवठ्यावरून बाचाबाची झाली, मिरवणुकीच्या वाटेवरून गुन्हा दाखल झाला, की कोर्ट आपल्या दारात येते. पुढे वर्षानुवर्षे तारखा पडतात. माणूस पोटापाण्याच्या मागे लागतो, एखादी तारीख चुकते, आणि ज्या गुन्ह्यात कदाचित निर्दोष सुटका झाली असती त्यातच हातात बेडी पडते. कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना ही प्रक्रिया माहीत असावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. मी कायद्याचा प्राध्यापक नाही. पण वाडीत शिकलेला माणूस म्हटला की कोर्टाचा कागद त्याच्याकडे येतोच, आणि तो कागद वाचता वाचता कायदाही वाचावा लागतो.

गुहागर तालुक्यातले हेदवी घ्या. दशभुज गणपतीचे देऊळ आणि बामणघळीत उसळणारे भरतीचे पाणी पाहायला लोक लांबून येतात. गावातला कर्ता पुरुष मात्र मुंबईला असतो. कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्यांचे हेच आहे: घरी म्हातारी माणसे, बाया आणि शाळकरी पोरे. गुन्हा दाखल होताना पत्ता लिहिला जातो गावचा आणि माणूस राहतो चाळीत किंवा झोपडपट्टीत. पुढचा सगळा घोटाळा या दोन पत्त्यांतून सुरू होतो.

समन्स कोणाच्या हातात?

न्यायालय प्रथम समन्स काढते. माणूस शोधूनही सापडला नाही, तर समन्स त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला देता येते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा कुटुंबीय ‘प्रौढ पुरुष’ असावा अशी अट होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 66 मधून ‘पुरुष’ हा शब्द गेला आहे. बाईने घेतलेला कागद कायद्याने ग्राह्य झाला, ही समतेच्या दृष्टीने योग्यच गोष्ट आहे. पण त्याचा अर्थ वाडीत कोणी सांगितला आहे काय? ज्या आईने अंगठा उठवून कागद घेतला आणि फडताळात ठेवला, तिने मुलाच्या वतीने समन्स स्वीकारले असे म्हटले जाऊ शकते.

म्हणून बायांना दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मुलगा येथे राहत नसेल तर तसे पोलिसाला स्पष्ट सांगावे, मुंबईचा पत्ता द्यावा आणि तो अहवालात लिहून घ्यायला लावावा. कायद्यात ‘बरोबर राहणारा’ असे शब्द आहेत, त्यामुळे पुढे वकिलाला हा मुद्दा मांडता येतो. दुसरे, कागद आला त्याच दिवशी मुंबईला फोन करून त्यावरचा केस नंबर आणि तारीख वाचून दाखवावी.

जो आधीच जामिनावर सुटला आहे त्याला मात्र प्रत्येक तारखेचे नवे समन्स येत नाही. हजर राहण्याचे त्याने मुचलक्यात लिहून दिलेले असते. तो गैरहजर राहिला की न्यायालय सरळ वॉरंट काढू शकते.

वॉरंटचे दोन प्रकार

जामीनपात्र वॉरंटवर रक्कम आणि पुढची तारीख लिहिलेली असते. तेवढ्या रकमेचा मुचलका आणि सांगितला असल्यास जामीनदार दिला, की पोलिसांनीच सोडायचे असते. अजामीनपात्र वॉरंट, म्हणजे लोकांच्या भाषेतले पकड वॉरंट, असेल तर पोलीस सोडू शकत नाहीत. ‘अजामीनपात्र’ या शब्दाने घरची माणसे हादरतात. पण त्याचा अर्थ जामीन कधीच नाही असा नसून, तो पोलीस ठाण्यात मिळत नाही, न्यायालयात मागावा लागतो, असा आहे. उलट मूळ गुन्हा जामीनपात्र असला तरी बेफिकीर राहू नये. हजेरीची अट एकदा मोडलेल्याला पुन्हा जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

अजामीनपात्र वॉरंट ऊठसूट काढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली उत्तरांचलमधून आलेल्या एका अपिलात सांगितले आहे. आधी समन्स किंवा जामीनपात्र वॉरंट काढावे, आणि माणूस मुद्दाम टाळतो आहे अशी खात्री झाल्यावरच पुढची पायरी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. अर्ज लिहिताना या निकालाची आठवण वकिलाला जरूर करून द्यावी.

सर्वांत घातक गैरसमज असा की वॉरंट काही दिवसांनी आपोआप मरते. तसे होत नाही. कलम 72 प्रमाणे ते बजावले जाईपर्यंत किंवा ज्या न्यायालयाने काढले ते रद्द करीपर्यंत जिवंत राहते. म्हणूनच चार वर्षे मुंबईत निर्धास्त राहिलेला चाकरमानी शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आला की पकडला जातो. त्यात आदल्या संध्याकाळी अटक आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी, असे झाले तर सुट्टीच्या न्यायाधीशांपुढे उभे राहावे लागते आणि गावात जामीनदार शोधायला वेळ उरत नाही.

‘मिळून आला नाही’

कधी कधी एखादा मध्यस्थ सुचवतो की थोडे पैसे द्या, वॉरंटवर ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून ते परत पाठवू. लोकांना हा उपकार वाटतो. प्रत्यक्षात हाच शेरा माणसाला फरारी ठरवण्याचा पाया होतो. कलम 84 खाली न्यायालय उद्घोषणा काढते, हजर होण्यास किमान 30 दिवसांची मुदत देते, आणि कलम 85 खाली मालमत्तेवर जप्ती आणू शकते. उद्घोषणेनंतरही हजर न होणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 209 खाली वेगळा गुन्हा आहे. जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहणे हाही कलम 269 खाली गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. म्हणजे पैसे देऊन आपण आपल्यावर आणखी गुन्हे विकत घेतो.

आणि जामीनदाराचे काय? आपल्या वाडीत ज्याच्या नावे सात-बारा आहे असा माणूस शोधून काढावा लागतो. तारीख चुकली की मुचलका जप्त होतो आणि त्या भल्या माणसाला रक्कम भरण्याची नोटीस जाते. पुढच्या वेळी तो कोणाच्याच मुलासाठी उभा राहत नाही. एकाच्या हलगर्जीपणाने साऱ्या वाडीची पत संपते.

मग काय करावे?

पकडले जाण्याची वाट न पाहता स्वतः न्यायालयात जावे. केस नंबर हाती नसेल तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स सेवेवर नावावरून शोधता येतो, आणि तिथेच पुढची तारीख दिसते. वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. गैरहजेरीचे खरे कारण लिहावे आणि दवाखान्याचे कागद किंवा कामावरचा दाखला जोडावा. न्यायाधीश खर्च किंवा दंड भरायला लावतील, नवा मुचलका मागतील, क्वचित कोठडीतही पाठवतील. पण आपल्या पायांनी आलेला आणि धरून आणलेला यांत न्यायालय फरक करते.

वॉरंट रद्द झाले की काम संपले असे समजू नये. आदेशाची नक्कल घेऊन ती पोलीस ठाण्यात द्यावी, पोच घ्यावी आणि एक प्रत खिशात बाळगावी. मुंबईत 2002 साली एका वकिलालाच रद्द झालेल्या वॉरंटवर स्वातंत्र्यदिनी अटक झाली होती. त्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटची नोंदवही ठेवण्यासह अनेक सूचना दिल्या. वकिलाची ही गत, तर आपल्या माणसाची काय होईल?

अटक झालीच तर वॉरंट दाखवा म्हणण्याचा, घरच्याला कळवायला लावण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत न्यायाधीशांपुढे उभे केले जाण्याचा हक्क आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी घरी बसू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 या क्रमांकावर विचारावे. तारखेला येणे खरोखर अशक्य असेल तर आदल्या दिवशीच वकिलाला कळवून हजेरी माफीचा अर्ज द्यायला लावावा. ‘वकील आहे ना’ म्हणून निजू नये. अर्ज दिला की नाही हे त्याच संध्याकाळी विचारावे.

चळवळीतील खटले आणि साक्षीदार

आंदोलनातले गुन्हे मागे घेतल्याची घोषणा होते आणि कार्यकर्ते तारखांना जाणे सोडतात. मंत्र्याच्या घोषणेने खटला संपत नाही. कलम 360 प्रमाणे सरकारी वकिलाने अर्ज करावा लागतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. तसा आदेश रोजनाम्यात स्वतः पाहीपर्यंत हजर राहिलेच पाहिजे.

वॉरंट केवळ आरोपीवर निघते असेही नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या खटल्यात आपलाच फिर्यादी, आपलाच साक्षीदार मुंबईहून येत नाही. त्याच्यावर वॉरंट निघते, आणि पुरावा नाही म्हणून आरोपी सुटतात. या कायद्याच्या 1995 च्या नियमांत साक्षीदाराच्या प्रवासखर्चाची आणि भत्त्याची तरतूद आहे. ती मागून घेणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

12 ऑक्टोबर 2025 रोजी मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. बाबासाहेबांचे आंबडवे त्याच तालुक्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयही ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला आले आहे. इमारती जवळ आल्या, पण कायद्याचे ज्ञान जवळ आले नाही तर अंतर तेवढेच राहते. महाडच्या तळ्यावरून 1927 साली सवर्णांनी दावा लावला तेव्हा बाबासाहेब त्यात प्रतिवादी होते. तो लढा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे तो दावा सोडला गेला नाही. सत्याग्रहाइतकीच ही चिकाटीही चळवळीचा वारसा आहे. प्रत्येक वाडीच्या मुंबई मंडळाने एक वही घालावी आणि आपल्या माणसांचे केस नंबर, तारखा आणि वकिलांची नावे तीत लिहावीत. वर्गणीची वही ज्या काटेकोरपणे ठेवतो तितक्याच काटेकोरपणे ही ठेवली, तर अर्धी वॉरंटे निघणारच नाहीत.