पिवळे दिसले तरी ते गवतच

हवाई छायाचित्रात हिरवे दिसले की गवत, असे आपण सहज म्हणून जातो. पनवेलजवळच्या गव्हाणचेच उदाहरण घेऊ. खाडीकडे कांदळवन, अलीकडे भातखाचरे, टेकडीच्या उतारावर वरकस जमीन आणि शेजारी उलव्याच्या इमारती. पावसाळ्यात इमारती सोडल्या तर सारेच हिरवे! त्यातले गवत कोणते?

संगणकाला रंग दिसत नाही, आकडे दिसतात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा असे 0 ते 255 मधले तीन आकडे असतात. हिरव्याची दुप्पट करून त्यातून उरलेले दोन वजा करायचे, ही एक सोपी युक्ती. समजा, ओल्या गवताचे आकडे 110, 140 आणि 70 आहेत. उत्तर येते 100. उघड्या मुरमाचे 170, 120, 85 धरले तर उत्तर उणे 15. फरक स्पष्ट आहे. ढगाच्या सावलीत तिन्ही आकडे घटतात, म्हणून प्रत्येकाला त्यांच्या बेरजेने भागून घेतलेले बरे.

खरी पंचाईत डिसेंबरात होते. गवत वाळून सोनेरी होते आणि कापलेल्या भाताचे खुंटही तसेच दिसतात. उन्हाळ्यात राब भाजला की काळे डाग पडतात. संगणक त्यांना खुशाल पाणी समजतो! 2003 साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-1 सारख्या उपग्रहांनी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही टिपले. जिवंत पान ते भरपूर परावर्तित करते. पण वाळलेल्या गवतापुढे हीही युक्ती लंगडी पडते.

म्हणून मी एका चित्रावर कधीच विसंबत नाही. पावसाळा सरतानाचे एक आणि हिवाळ्यातले एक, अशी दोन चित्रे शेजारी ठेवतो. दोन्हींत गडद हिरवे राहते ते बहुधा कांदळवन. रंग बदलला आणि बांधांच्या चौकटी दिसल्या तर भातशेती. रंग बदलला, पण चौकटी नाहीत, पोत मऊ आहे, तर गवत.

एवढा खटाटोप कशासाठी? देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 साली प्रथम निघाला. अशा नकाशात गवताळ जागा पडीक ठरली, की ती रिकामी समजून तिथे झाडे लावायला किंवा बांधकाम करायला माणसे पुढे येतात. गुरांची चराई आणि राबाचे गवत मात्र हिशेबात येत नाही. त्यामुळे संगणकाला शिकवण्यापूर्वी शंकेचा प्रत्येक ठिपका घेऊन मी गावात जातो आणि गुराख्याला विचारतो, इथे गुरे कोणत्या महिन्यात आणता?