घाटात गुरगुरणारा पंखा

सोयाबीनच्या राशी झाल्या की कळंबच्या मार्केट यार्डात पोत्यांनी भरलेल्या पिकअपची रीघ लागते. अशा गाड्यांच्या ड्रायव्हरांमध्ये न संपणारा एक वाद आहे : कंपनीचा पंखा ठेवायचा की इलेक्ट्रिक बसवायचा?

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत इंजिन लांबीत बसवलेलं असतं, त्यामुळे रेडिएटरमागचा पंखा इंजिनच्या तोंडावरच बेल्टने फिरवता येतो. बहुतेक छोट्या मोटारींचं इंजिन आडवं, रेडिएटर मात्र समोर. तिथे इलेक्ट्रिक पंखाच सोयीचा.

कंपनीच्या पंख्यावर आरोप एकच, तो डिझेल खातो. पंखा पुलीला थेट जखडलेला असता तर हे पटलं असतं, कारण पंख्याचा वेग दुप्पट केला की ताकद आठपट लागते. पण मधे क्लच आहे. त्याच्या पोटात घट्ट सिलिकॉन तेल आणि नाकावर बायमेटलची चपटी स्प्रिंग. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की स्प्रिंग फिरते, झडप उघडते, तेल आतल्या खाचांत शिरतं आणि पुली पंख्याला ओढू लागते. सपाट रस्त्यावर समोरचा वारा पुरतो, तेव्हा पंखा ढिलाच फिरतो. डिझेल वाचवायची सोय कंपनीने आधीच केलेली आहे.

बीडहून माल भरून परतताना मांजरसुंब्याचा घाट लागतो. दुसरा गिअर, वेग नाही म्हणून वारा नाही, वर एप्रिलचं ४० अंशांचं ऊन. क्लच धरतो आणि पंख्याची गुरगुर केबिनमध्ये ऐकू येते. काही जण त्या आवाजाला घाबरतात. मला तो आला नाही तर धास्ती वाटेल. आता हिशेब करा. १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढणारा इलेक्ट्रिक पंखा म्हणजे ३०० वॅट, अर्ध्या अश्वशक्तीच्या आत. तीही अल्टरनेटरमार्गे इंजिनकडूनच येते. क्लच धरलेला पंखा याच्या कितीतरी पट जोर हवेवर लावतो.

इलेक्ट्रिकची खरी बाजू येरमाळ्यात दिसते. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. इंजिन आयडलवर असल्याने कंपनीचा पंखाही मंद. इलेक्ट्रिकला इंजिनच्या फेऱ्यांशी देणंघेणं नसतं. एसीवाल्याला हा फरक लगेच कळतो. अर्थात आयडलवरचं डिझेल इंजिन तापतंही कमीच.

गाडी हीट झाली की आळ पंख्यावर येतो, आणि बऱ्याचदा दोष निघतो जाळीचा. भुसा, पाचट, धूळ यांनी ती बुजलेली असते. नाहीतर पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच कधीतरी कामासाठी काढलेलं असतं आणि गॅरेजातच राहिलेलं असतं. मग पंखा तीच गरम हवा घुसळत बसतो. क्लच तपासणं सोपं आहे. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने झटकून फिरवा. थोडा फिरून थांबला तर ठीक, भिरभिरत राहिला तर क्लच गेला. मधल्या तबकडीवर तेलकट धुळीचा काळा पट्टा दिसला तर तेल गळतंय. काही मिस्त्री अशा वेळी क्लच जाम करून पंखा ‘डायरेक्ट’ करून देतात. घर गाठण्यापुरतं ते चालेल. वर्षभर तसंच पळवलं तर डिझेल खाल्ल्याचा आरोप खरा होतो.

एवढ्यावरही ज्याला इलेक्ट्रिक हवाच असेल, त्याने तो एसीच्या कंडेन्सरपुढे जोडीला लावावा आणि कंपनीचा पंखा जागेवर राहू द्यावा. वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि जाड वायर मात्र घालावी. हॉर्नच्या वायरीतून कनेक्शन घेतलं तर पंख्याआधी वायरच तापते.