कोणतं लिनक्स बसवावं? (लिनक्सच्या वाटेवर : भाग ६)

गेल्या भागात पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहिलं. आता ते कायमचं बसवायचं, तर कोणतं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप घरोघरी पडून आहेत, त्यामुळे हा प्रश्न सध्या फार विचारला जातो. समोर नावांची रांग असते : उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, ओपनसुसे, आर्च. बहुतेक जण स्क्रीनशॉट बघतात आणि जे देखणं दिसेल ते उचलतात.

तसं करू नका. दिसणं कुठल्याही डिस्ट्रोत बदलता येतं. नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई हे डेस्कटॉप जवळजवळ सगळीकडे मिळतात. कर्नल तोच, फायरफॉक्स तोच, लिबरऑफिसही तेच. फरक आहे तो हे सगळं तुमच्यापर्यंत कोण पोचवतं, आधी तपासतं का आणि नवी आवृत्ती कधी देतं, यात. म्हणून डिस्ट्रो निवडताना तिचा पॅकेज मॅनेजर आणि त्यामागचं भांडार आधी पाहावं.

१९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे दोन्ही प्रकल्प सुरू झाले आणि दोन्ही आजही चालू आहेत. स्लॅकवेअरने साधा मार्ग धरला : प्रोग्रॅमच्या फायली एकत्र बांधून द्यायच्या, त्याला आणखी काय काय लागतं ते वापरणाऱ्याने बघून घ्यायचं. इयन मरडॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनमध्ये ही जबाबदारी पॅकेजवरच आली. डेबियनची एखादी डेब फाइल उघडून पाहिली तर आत तीनच वस्तू सापडतात : फॉरमॅटची आवृत्ती सांगणारी एक चिमुकली फाइल, पॅकेजच्या माहितीचा संग्रह आणि प्रत्यक्ष फायलींचा संग्रह. माहितीच्या भागात पॅकेजचं नाव, आवृत्ती, देखभाल कोण करतं आणि हे पॅकेज आणखी कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे, हे लिहिलेलं असतं. रेड हॅटने याच कामासाठी आरपीएम आणलं.

पण नुसतं लिहून ठेवल्याने भागत नाही. व्हीएलसी बसवायला जावं तर ते दहा लायब्ररी मागतं, त्या आणखी वीस मागतात. एकाला आमंत्रण द्यावं आणि अख्खं वऱ्हाड दारात उभं राहावं, तशी गत. नव्वदच्या दशकात लोक हे वऱ्हाड हाताने जमवत बसायचे. १९९८ च्या सुमारास आलेल्या एपीटीने डेबियनवाल्यांची यातून सुटका केली. पुढे आरपीएमच्या जगात यमने तेच केलं. यमची जागा फेडोरा २२ पासून, म्हणजे २०१५ मध्ये, डीएनएफने घेतली.

एपीटी नेमकं काय करतं तेही पाहू, कारण विश्वासाचा सगळा प्रश्न इथेच आहे. ते आधी भांडारातून याद्या उतरवून घेतं. मुख्य फाइलवर डेबियनची डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये याद्यांचे हॅश असतात आणि याद्यांमध्ये एकेका पॅकेजचे. त्यामुळे मधला मिरर सर्व्हर कुणाचाही असो, पॅकेजमध्ये एका अक्षराचा फेरफार झाला तरी हॅश जुळत नाही आणि एपीटी ते पॅकेज नाकारतं. कुठल्या तरी संकेतस्थळावरून सेटअप फाइल उतरवून दोनदा क्लिक करण्याच्या सवयीपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. लिनक्सकडे वळण्याचं मला सर्वांत पटणारं कारण हेच.

आता वेळापत्रकाकडे येऊ. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते; तेरावी, ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आली. एकदा ती आली की पॅकेजांच्या आवृत्त्या जवळपास गोठतात. ‘डेबियनमध्ये सगळं जुनं असतं’ ही तक्रार यातूनच येते, पण ती अर्धवट आहे. सुरक्षेतली त्रुटी सापडली की डेबियनची मंडळी नव्या आवृत्तीतली दुरुस्ती उचलून बहुधा जुन्याच आवृत्तीवर बसवतात. आकडा जुना दिसतो, शेवटी एक छोटीशी शेपटी जोडली जाते, आणि भोक मात्र बुजलेलं असतं. तुमचे मेनू, सवयी, स्क्रिप्ट यांना धक्का लागत नाही. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतं आणि प्रत्येकीला साधारण तेरा महिने सांभाळतं. उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिला पाच वर्षं प्रमाणित आधार असतो.

आर्चमध्ये आवृत्ती असा प्रकारच नाही. पॅकमन नावाचा अतिशय चपळ पॅकेज मॅनेजर रोज नवं देत राहतो. त्याचा एक नियम मात्र पाळावाच लागतो : अद्ययावत करायचं तर सगळी यंत्रणा एकदम. याद्या ताज्या करून एकच पॅकेज नवं घेतलं की ते नव्या लायब्ररी मागतं, बाकीचं सगळं जुन्यांवर उभं असतं, आणि काहीतरी मोडतं. आर्चची मंडळी हे स्पष्ट लिहून ठेवतात, तरी नवखे नेमके इथेच अडकतात.

‘ताजं म्हणजे चांगलं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२४ चं एक्सझेड प्रकरण जरूर समजून घ्यावं. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेली लायब्ररी. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ प्रकल्पात मदत केली, विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. लक्ष्य होतं दूरच्या यंत्रात प्रवेश देणारा एसएसएच सर्व्हर. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-क्यूएलवर काम करणाऱ्या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं जाणवलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ ला सगळा प्रकार जगजाहीर केला.

तोवर या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत आणि ओपनसुसे टम्बलवीडमध्ये पोचल्या होत्या. डेबियन १२ च्या स्थिर आवृत्तीत मात्र ५.४.१ होती, त्यामुळे तिला धक्का लागला नाही. आणखी बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की तो दुष्ट कोड डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जात असेल तरच जागा व्हायचा. आर्चने ताजी आवृत्ती दिली होती, पण तिथला एसएसएच सर्व्हर या लायब्ररीला जोडलेलाच नव्हता. डेबियन-फेडोरात तो वेगळ्या सोयीसाठी केलेल्या बदलामुळे अप्रत्यक्षपणे जोडला गेला होता. पॅकेज बांधणाऱ्यांचा एक लहानसा निर्णय किती दूरवर पोचतो, ते यात दिसतं.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक यांचंही थोडक्यात सांगतो. हे प्रोग्रॅमला लागणारं बरंचसं साहित्य सोबत घेऊन येतात, म्हणून कुठल्याही डिस्ट्रोवर चालतात. जागा मात्र जास्त खातात. स्नॅपचं मध्यवर्ती दुकान उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीच्याच हाती आहे. हे न पटल्याने २०२० मध्ये मिंटने एपीटीच्या मागच्या दाराने स्नॅप येणं बंद केलं. मला मिंटची भूमिका योग्य वाटते.

डिस्ट्रोमागे कोण आहे, हेही पाहा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल, या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये तो आधार २०२१ अखेरच संपेल असं जाहीर झालं आणि सगळ्यांची धावपळ उडाली. रॉकी आणि अल्मा या डिस्ट्रो त्यातूनच जन्मल्या. डेबियन कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. तिथले निर्णय स्वयंसेवक मतदानाने घेतात. भारत सरकारच्या सीडॅकने ‘बॉस’ ही आपली डिस्ट्रो डेबियनवर उभारली.

मराठीसाठी कुठेही अडत नाही. लोहित देवनागरी फॉन्ट आणि टंकलेखनासाठी आयबस, एम१७एन ही पॅकेजं या सगळ्यांच्या भांडारात आहेत; इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

तेव्हा माझं मत सरळ सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी, शाळकरी मुलांसाठी, पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी मिंट. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. लहान कार्यालयासाठी किंवा सर्व्हरसाठी डेबियन. नवं हार्डवेअर असेल किंवा प्रोग्रॅमिंग शिकत असाल तर फेडोरा. आर्च शिकायला उत्तम, पण हिशेबाच्या किंवा परीक्षेच्या यंत्रावर नको. लॅपटॉप फार जुना, ३२ बिटचा असेल तर डेबियन १३ त्यावर बसणार नाही, हे आधीच तपासा. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष बसवायला घेऊ. तोवर निवडलेल्या डिस्ट्रोची आयएसओ फाइल तिच्या अधिकृत ठिकाणाहूनच उतरवा, हॅश जुळवून पाहा आणि लॅपटॉपमधल्या फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.