मोटारीचा टायर : निवड उन्हाळ्यात, परीक्षा वळवात



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. हंगाम संपला, उसाचे बिल हाती आले, की मोटारीची कामे निघतात आणि त्यात मोठा खर्च टायरचा. दुकानात आपण बहुधा एकच विचारतो, "स्वस्तातला कोणता?" एवढे पुरत नाही, हे आम्ही ठेच लागून शिकलो.

गेल्या वैशाखात आमच्या मोटारीचे पुढचे टायर झिजले, म्हणून दोन नवे आणून पुढेच बसवले. मागचे जुनेच ठेवले. आठच दिवसांनी प्लॉट पाहून परतताना वळवाची सर आली. वळणावर पुढची चाके रस्ता धरून राहिली, पण मागची सटकली आणि गाडी अर्धी फिरून कडेच्या खोडव्यात घुसली. बरोबर दोन सभासद होते. कोणाला खरचटलेही नाही. पण समोरून ट्रॅक्टर येत असता तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही.

चूक आमची होती. दोनच टायर बदलायचे तर नवे मागे आणि चालण्यासारखे जुने पुढे, हा नियम आहे. पुढची चाके सरकू लागली तर स्टिअरिंगला कळते, वेग कमी करता येतो. मागची सरकली की गाडी हातात राहत नाही.

आता निवडीकडे वळू. थंड देशांत उन्हाळी व हिवाळी टायर वेगवेगळे असतात, कारण साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर ताठरते. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपल्याला उन्हाळी टायरांतच डावे-उजवे करायचे आहे. ते असे :

१) रबर : टणक रबराचा टायर जास्त किलोमीटर देतो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड सहसा कमी. मऊ रबराचे उलट. काही टायरांवर 'ट्रेडवेअर'चा आकडा असतो. तो मोठा तितका टायर टिकाऊ. मात्र तो आकडा कंपनीच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नये. तिथेच 'ट्रॅक्शन' म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड आणि 'टेम्परेचर' म्हणजे उष्णता सोसण्याची ताकद यांची अक्षरे असतात. टेम्परेचरला 'ए' सर्वांत चांगले, 'सी' सर्वांत खालचे.

२) नक्षी : रुंद, सरळ खाचा पाणी लवकर बाहेर काढतात. जाड ठोकळ्यांची नक्षी चिखलाला बरी, पण डांबरी रस्त्यावर आवाज फार आणि इंधनही जास्त.

३) माप : '१६५/८० आर १४ ८५ टी' म्हणजे रुंदी १६५ मि.मी., उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी, रिम १४ इंची. '८५' म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार आणि 'टी' म्हणजे ताशी १९० कि.मी.ची मर्यादा. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या भाराच्या आकड्याखाली उतरू नये.

४) वय : बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आधी आठवडा, मग वर्ष. '२३२४' म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. बेण्याचे वय विचारता, तसे टायरचेही विचारा.

को ८६०३२ नामांकित जात, तरी ती प्रत्येक जमिनीत सारखी उतरत नाही. टायरचेही तसेच. शेत, कारखाना, तालुका एवढीच फेरी असेल तर टिकाऊ टायर बरा. पण समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारीला ताशी १२० कि.मी. वेगाची मुभा आहे, तिथे ज्यांचे वारंवार जाणे असेल त्यांनी टेम्परेचर 'ए' आणि ओली पकड यांनाच पहिला मान द्यावा.

शेवटी हवेविषयी. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असा गैरसमज गावोगाव आहे. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याची भीती वाढते. तापलेल्या टायरची हवा दोन-चार पौंड वाढलेली दिसणारच. ती सोडू नये. सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना, पुस्तकाप्रमाणे हवा भरावी. स्टेपनी विसरू नये.

खाचेची खोली १.६ मि.मी. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. ३ मि.मी.वर आलेला टायर पावसाळ्याआधीच बदललेला बरा. वळीव सांगून येत नाही. तेव्हा उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी चारही चाकांभोवती एक फेरी मारावी, ही विनंती.