डबी बसवली, पुढे?

मेंदूतले संकेत वाचून विजेची मात्रा स्वतःच कमीजास्त करणाऱ्या डीबीएस (मेंदूत खोलवर वीज देऊन कंपवात आवरणाऱ्या) यंत्राला फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बातमी चांगलीच आहे. मला मात्र ती झोंबली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीकडचे माझ्या ओळखीचे रुग्ण अजून सेटिंग बदलायला रात्रीची गाडी धरून मुंबई गाठतात.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी मेंदूत खोलवर वीज देऊन थरथर थांबवली. नव्वदच्या दशकाअखेरीस मुंबईच्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी यांनी हे काम सुरू केलं. २००२ मध्ये अमेरिकेने कंपवातासाठी या शस्त्रक्रियेला मान्यता दिली.

२०१० नंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया आमच्या घरात आली. थोरल्या काकूंच्या मेंदूत तारा गेल्या, छातीच्या कातडीखाली डबी बसली. तोवर घरात एकच घोर होता, टेबलावर काही झालं तर? भीती खोटी नव्हती. मेंदूत रक्तस्राव शंभरात एक-दोघांना होतो, जंतुसंसर्ग त्याहून जास्त जणांना. २५५ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २००९ साली आला. शस्त्रक्रिया झालेल्यांना दिवसाकाठी साडेचार तास जादा सुखाचे मिळाले, पण गंभीर तक्रारी नुसत्या औषधांवर असलेल्यांच्या जवळपास चौपट निघाल्या. एक रुग्ण रक्तस्रावाने दगावलाही. ‘कंपवातावर मात’ असे मथळे देणाऱ्यांना त्यातले साडेचार तास तेवढे दिसले.

काकूंचं ऑपरेशन सुखरूप झालं. चहाचा कप बशीत वाजायचा थांबला. बोलणं मात्र पुटपुटल्यासारखं झालं. तसं होऊ शकतं, हे आधी कुणी धड सांगितलं नव्हतं.

खरा धोका आला तो गावात. खांदा आखडला म्हणून एका फिजिओथेरपीवाल्याकडे नेलं. “काकू, दहा मिनिटं शेक घेतला की मोकळं होतंय बघा,” म्हणत त्याने शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र ओढलंसुद्धा. सुनेने पदर सरकवून डबीचा उंचवटा दाखवला, तेव्हा तो थांबला. या शेकाने मेंदूतल्या तारेचं टोक तापतं आणि भोवतालचा मेंदू भाजतो. दोन मृत्यूंचा दाखला देऊन अमेरिकी औषध प्रशासनाने २००२ मध्येच तसा इशारा दिला होता. आमच्या हातातल्या डिस्चार्ज कार्डावर त्याची ओळ नव्हती.

२०२३ साली कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची आरोग्य योजना लागू करण्यावरून दोन्ही राज्यांची सरकारं हमरीतुमरीवर आली. त्या भांडणात छातीतल्या या डबीच्या बॅटरीचं नाव कुणी काढलं नाही. चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत संपते. ती अचानक बंद पडली तर माणूस लाकडासारखा ताठरतो, आणि नवीन बसवायला लाखांत पैसे लागतात. ऑपरेशनसाठी शेत विकलेल्या घराने दुसऱ्यांदा काय विकायचं? बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे महिन्यातून एकदा सेटिंग आणि बॅटरी तपासणारं कुणी बसवा, आणि या सीमापट्ट्यातल्या प्रत्येक फिजिओथेरपीवाल्याच्या भिंतीवर डायथर्मीचा तो इशारा मराठीत आणि कन्नडमध्ये लावा.