पाळी आली म्हणून दूध थांबत नाही

बाळ पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं, अंगावर छान पीत असतं आणि एक दिवस आईला पाळी येते. घरात कळलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "पाळी सुरू झाली ना, आता दूध आटणार. वरचं दूध लावायला घ्या." बोलणारीचा हेतू चांगला असतो. तिच्या बाळंतपणात तिनंही हेच ऐकलेलं असतं. पण या सल्ल्यापायी कितीतरी बाळांचं अंगावरचं पिणं वेळेआधी सुटतं, म्हणून त्यात तथ्य किती ते नीट पाहायला हवं.

पाळी थांबते कशी, परत येते कधी?

बाळ ओढायला लागलं की तो संदेश थेट आईच्या मेंदूपर्यंत जातो. मेंदूतली पीयूषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन सोडते आणि दूध तयार होतं. त्याच वेळी बीजकोशाला कामाला लावणाऱ्या संप्रेरकांची ठरावीक लय मंदावते. बीज पक्व होत नाही, म्हणून पाळीही येत नाही. यात बाळ किती वेळा पितं आणि दोन पिण्यांमध्ये किती खंड पडतो, याला फार महत्त्व आहे. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं विशेष परिणाम करतं.

आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग जमातीचा अभ्यास मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांनी १९८० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. तिथल्या आया बाळाला सतत अंगाशी ठेवत आणि तासातून अनेकदा, एकेका वेळी दोनेक मिनिटं पाजत. कोणतंही गर्भनिरोधक न वापरता त्यांच्या दोन मुलांमध्ये सरासरी ४४ महिन्यांचं अंतर असे.

आपल्याकडे चित्र वेगळं असतं. सहा महिन्यांनंतर भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, खिमट सुरू होतं. बाळ रात्री सलग झोपायला लागतं. नोकरदार आईची २६ आठवड्यांची रजा संपते. पिण्यातला खंड वाढला की बीजकोश पुन्हा कामाला लागतो. काही जणींना भरपूर पाजूनही दोन-तीन महिन्यांतच पाळी येते, काहींना वर्ष-दीड वर्ष येत नाही. दोन्ही स्वाभाविक आहे. सुरुवातीच्या काही पाळ्या अनियमितही असतात. कधी २५ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला रक्तस्राव मात्र पाळीचा नसतो. गर्भाशय पूर्ववत होताना तो होतच असतो. त्याला दुर्गंधी येत असेल, ताप असेल किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

मग दूध कमी झाल्यासारखं का वाटतं?

कारण काही जणींचं ते थोडं कमी होतंही. बीज सुटल्यानंतर, पाळी येण्याआधीचे काही दिवस आणि पाळीचे एक-दोन दिवस दूध जरा उतरल्याचं अनेक आयांना जाणवतं. स्तनाग्रं हुळहुळी होतात, पाजताना दुखतं. बीज सुटण्याच्या सुमारास दुधातलं सोडियम आणि क्लोराइड किंचित वाढतं आणि लॅक्टोज कमी होतं, त्यामुळे चवही थोडी खारट होऊ शकते. बाळ तोंड लावतं आणि सोडतं, चिडचिड करतं किंवा वारंवार मागतं. हे सगळं थोड्या दिवसांचं असतं. रक्तस्राव सुरू झाल्यावर दूध पुन्हा पूर्ववत होतं. बाळाला लागणारं पोषण त्यात असतंच. पाळीच्या दिवसांतलं दूध 'बाधतं' या समजुतीला कोणताही आधार नाही.

खरा धोका पुढे आहे. त्या तीन-चार दिवसांत घाबरून पावडरीच्या दुधाचा डबा आणला जातो. बाळ बाटलीनं पितं आणि अंगावर तेवढं कमी ओढतं. स्तन जितके रिकामे होतात तितकंच पुढचं दूध तयार होतं, म्हणून आठवड्याभरात दूध खरोखरच उतरतं. "बघ, आटलं ना," असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं. पण ते खरं पाळीनं केलेलं नसतं, बाटलीनं केलेलं असतं. पाळीच्या दिवसांत बाईला बाजूला बसवून बाळ दुसरीकडे देणाऱ्या घरांतही हेच घडतं. पाजायच्या वेळा चुकतात आणि पुरवठा घटतो.

या दिवसांत करायचं ते याच्या उलट. बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा घ्यावं, एका बाजूचं पिऊन झालं की दुसऱ्या बाजूला लावावं, रात्रीचं पाजणं चुकवू नये. कामावर जाणाऱ्या आईनं एखादा वेळ जास्त दूध काढून ठेवावं; काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. दूध पुरतंय की नाही, हे स्तनांच्या भरलेपणावरून ठरवू नये. पहिल्या सहा महिन्यांत चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि अंगणवाडीतल्या तक्त्यावर चढतं वजन, या दोन खुणा पुरेशा आहेत.

आईच्या अंगातलं रक्त

बाळाच्या दुधाची चर्चा सगळे करतात, आईच्या हिमोग्लोबिनची क्वचितच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. गरोदरपण आणि बाळंतपणात खर्ची पडलेलं लोह भरून येण्याआधीच पाळी सुरू झाली, तर थकवा, धाप, चक्कर मागे लागते. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोह आणि फोलिक ॲसिडची एक गोळी, शिवाय कॅल्शियमच्या दोन गोळ्या मोफत मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. लोहाच्या गोळीवर चहाही नको. अळिवाची खीर आणि लाडू जरूर खावेत, पण रक्तक्षय असताना तेवढ्यावर भागत नाही.

पोटात दुखत असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन ठरलेल्या मात्रेत स्तनपान करताना चालतं. बाळासाठी गोळी टाळून कळा सोसण्याची गरज नाही. आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नयेत. त्यांच्या एका दुर्मीळ पण गंभीर ॲलर्जीबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशननं २०२३ मध्ये सावध केलं आहे. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन प्रसूतीनंतर किमान सहा आठवडे नको. त्यानंतर डॉक्टरांना विचारून वापरता येतो, मात्र पूर्वीच्या मापाचा कप आता बसेलच असं नाही.

पाळी नाही, तरी दिवस राहू शकतात

'अंगावर पाजतेय, पाळीही आली नाही, म्हणजे काळजी नाही' या भरवशावर अनेक जणी राहतात. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी यावर एकमत केलं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, ते जवळपास पूर्णपणे अंगावरच पीत असेल आणि आईला पाळी आलेली नसेल, तर ९८ टक्के संरक्षण मिळतं. या तिन्ही अटी एकत्र पाळल्या जायला हव्यात. एकही मोडली तर दुसरा उपाय लागतोच, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते. म्हणून पाळीचं तोंडही न पाहता पुन्हा दिवस गेलेल्या बायका आहेत.

उपाय अनेक आहेत आणि दुधाला धक्का न लावणारे आहेत. निरोध आणि तांबी तर आहेतच. फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असलेल्या गोळ्या आणि सहा आठवड्यांनंतर दर तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शनही आहे. 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या दूध कमी करू शकतात, म्हणून त्या पहिले सहा महिने टाळतात. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुढच्या गरोदरपणापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यायला सांगते. ते आईच्या शरीरासाठी आहे, तसंच हातातल्या बाळाला मनसोक्त पिता यावं यासाठीही.

बाळाच्या लशींसाठी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी केंद्रात जावंच लागतं, पुढे नवव्या महिन्यातही. त्या रांगेत आईनं स्वतःसाठी तीन प्रश्न विचारावेत: माझं हिमोग्लोबिन किती आहे, मला कोणतं गर्भनिरोधक चालेल आणि पाळी आली तर मला कशाकडे लक्ष द्यायला हवं? आणि घरच्यांनी त्या चार दिवसांत डबा आणण्याऐवजी तिच्या हातातलं काम काढून घ्यावं, तिला जेवायला वाढावं आणि बाळ तिच्याजवळ द्यावं. दूध टिकवायला तेवढं पुरतं.